कापून टाकलेलं 'कदाचित'

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने एका जागी बसून राहावं अशी कुणाची अपेक्षा नसते. पण आपल्या या माणसाला जेवायलासुद्धा एका जागी बसता यायचं नाही. एक घास खाल्ला की खिडकीपर्यंत, दुसरा खाल्ला की दारापर्यंत, आणि ताट हातातच. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर गिऱ्हाइकांना "हलू नका, समोर बघा" म्हणायचं आणि घरी येऊन नवऱ्यालाही तेच सांगायचं, असा तिचा दिनक्रम. कंपनीत त्याला सगळे भिंगरी म्हणत. नाव इतकं चिकटलं होतं की तक्रारवहीत कारकूनसुद्धा तेच लिहायचा, आणि खालच्या सहीची जागा भिंगरी बिनतक्रार भरायचा.

पंचवीस वर्षं हा माणूस इमारतींच्या पोटातून वरखाली करत होता. दोरांना ग्रीस लाव, दारांचे रोलर बदल, खालच्या खड्ड्यात साचलेलं पाणी उपस. कामात पक्का. पण वाचन म्हणाल तर यंत्रांची माहितीपत्रकं, आणि तीही चित्रं असलेली. अशा माणसाला पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याचं वेड लागलं आणि ते वेड त्याला एका वृद्ध प्राध्यापकांच्या दारात असं काही सांगायला घेऊन गेलं, की जे सांगण्यापेक्षा त्याने लिफ्टच्या खड्ड्यात उडी पत्करली असती. ती ही हकीकत.

सुरुवात तीन वर्षांपूर्वीची. विद्यापीठाच्या इतिहास विभागातली जुनी लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एकच माणूस, निवृत्त झालेले सर, आपली जुनी पुस्तकं न्यायला आलेले. भिंगरी लिफ्टच्या टपावर उतरला. पाहतो तर एक भाग मोडलेला, आणि तो गोदामातून यायला दीड तास. मग त्याने टपाची झडप उघडली आणि अशा वेळचं आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं. "घाबरू नका. दोर पाच आहेत, आणि वजन त्यातल्या एकट्या दोरालाही झेपतं."

"मी कुठे घाबरलोय?" खालून आवाज आला. "मघापासून पाय तुम्हीच आपटताय वर."

भिंगरीने पाय आवरले. दोन मिनिटांत ते पुन्हा सुरू झाले. तेव्हा सरांनी खालून विचारलं, "रोम कधी पडलं, माहीत आहे का?"

"कुठलं? कितव्या मजल्यावरून?"

सर इतके हसले की लिफ्ट हलली. मग सांगू लागले, की शाळेत एक साल पाठ करून घेतात, पण त्या साली पश्चिमेकडच्या एका पोरसवदा सम्राटाला घरी बसवलं, एवढंच घडलं. पूर्वेकडे, कॉन्स्टँटिनोपलात, राज्य पुढे जवळजवळ हजार वर्षं चाललं. तिथले लोक शेवटपर्यंत स्वतःला रोमनच म्हणवून घेत होते. 'बायझंटाईन' हे नाव आपण त्यांना मागाहून चिकटवलं, ते बिचारे गेल्यावर. भिंगरी टपावर पालथा पडून झडपेतून डोकं खाली घालून ऐकत होता. भाग आला तेव्हा त्याला त्या भागाचा रागच आला.

पुढच्या आठवड्यात लिफ्टची काहीही तक्रार नसताना तो सरांच्या घरी गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. सर चौथ्या मजल्यावर एकटेच राहायचे. पत्नी गेलेली, मुलगी दूरच्या शहरात. खोलीत दोन खुर्च्या, बाकी सगळी पुस्तकं. भिंगरी घरी येऊन बायकोला सगळं सांगायचा. खिडकीपासून दारापर्यंत जाताना एक सम्राट, दारापासून खिडकीपर्यंत येताना दुसरा. शेवटी ती वैतागली. "अहो, माझे कान भरले. एवढंच आहे तर बोलणं रेकॉर्ड करा आणि जगाला ऐकवा. मला मोकळं करा."

तिने हे चिडून म्हटलं होतं, याने मनावर घेतलं. दोन कॉलरला लावायचे माइक, एक जुना लॅपटॉप, आणि दर शनिवारी सकाळी बैठक. सोमवारी तो भाग इंटरनेटवर चढवायचा. सुरुवातीला ऐकणारे चाळीस, त्यातले निम्मे लिफ्ट कंपनीतले. मग वाढत वाढत काही हजार झाले. इतर अभ्यासकही येऊ लागले. जुन्या नाण्यांवर आयुष्य काढलेल्या एक बाई आल्या. एका नाण्यावरच्या सम्राटाच्या चेहऱ्यावरून राज्याचे दिवस कसे ओळखायचे, हे त्या तासभर सांगत होत्या. त्यांना भिंगरीचे प्रश्न भारी आवडायचे. कॉन्स्टँटिनोपलातल्या आया सोफिया या भव्य चर्चचा पहिला घुमट वीस-एक वर्षांत कोसळला, हे ऐकल्यावर त्याने ताबडतोब विचारलं होतं, "मग दुरुस्तीला कोण आलं? पहिल्या वेळचाच माणूस?" बाई म्हणाल्या, पहिल्या बांधणाऱ्यांपैकी एकाचा पुतण्या आला, आणि त्याने घुमट आधीपेक्षा उंच केला. भिंगरी पंधरा दिवस त्या पुतण्याबद्दल असा बोलत होता, जणू तो त्यांच्याच कंपनीत आहे.

आता त्याची एक खोड सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यामुळे घडलं.

त्याला बोलण्यातली फट सहन व्हायची नाही. दुपारच्या सुट्टीत एखाद्या इमारतीच्या गच्चीवरच्या मशीन रूममध्ये उलट्या बादलीवर बसून तो रेकॉर्डिंग कापायचा. खोकला काप, खुर्चीची करकर काप, "अं" काप. अभ्यासक लोक एक वाक्य धड बोलत नाहीत, हे त्याचं ठाम मत. 'कदाचित', 'बहुधा', 'असं म्हणता येईल', 'निदान मला तरी वाटतं'. हे सगळं त्याला दारात अडकलेल्या कचऱ्यासारखं वाटायचं, ज्याच्यामुळे दार नीट मिटत नाही. लिफ्टच्या कामात 'कदाचित' नसतोच. तपासणीच्या कागदावर दोनच चौकोन असतात, चालू आणि बंद. दोर टिकेल का, असं कुणी विचारलं आणि आपण "कदाचित" म्हणालो, तर तो माणूस जिन्याने जाणार नाही का? म्हणून तो सरांच्या बोलण्यातले 'कदाचित' वेचून वेचून काढायचा, आणि काम झालं की मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकायचा. काम संपलं की जागा झाडून निघायचं, ही पंचवीस वर्षांची शिस्त.

आणि गेल्या सहा महिन्यांपासून तो आणखीही काही कापत होता. हे मात्र खोडीने नाही, मायेने.

झालं असं, की एका शनिवारी सरांनी महामारीची गोष्ट सांगितली. जस्टिनियन सम्राटाच्या काळात शहरात प्लेग आला, तेव्हा बाहेर नेली जाणारी प्रेतं मोजायला माणसं बसवली होती. दोन लाख तीस हजारांपर्यंत मोजली आणि मग मोजणं सोडून दिलं. हे सांगताना सरांनी हात हवेत उचलून हळूच मांडीवर टाकला. दहा मिनिटांनी त्यांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी, आणि हात तसाच उचलून तसाच मांडीवर टाकला. भिंगरीने दुसरी वेळ कापली. पुढच्या महिन्यात गोष्ट तीन तीनदा येऊ लागली. एकदा तर सरांना जस्टिनियनचं नावच आठवेना. ज्याच्याबरोबर चाळीस वर्षं काढली त्याला ते "तो रे, तो आपला, घुमटवाला" म्हणू लागले. भिंगरीने नाव पुरवलं, आणि मशीन रूममध्ये ते सगळं काढून टाकलं. लोक लिहायचे, या वयात सरांचं बोलणं किती धारदार! सर सोमवारी स्वतः ऐकायचे आणि खूष व्हायचे. ते खूष झाले की भिंगरीचाही दिवस बरा जायचा. बाप लहानपणीच गेलेला हा माणूस सरांना फार जीव लावून बसला होता, आणि त्याला त्यांचं हसं झालेलं चाललं नसतं.

मग तो महामारीवरचा खास भाग आला. शहरातली किती माणसं मेली, असं भिंगरीने विचारलं. सर म्हणाले होते, "कदाचित निम्मी गेली असतील, म्हणजे मला तसं वाटतं, पण पुरावा फार तोकडा आहे." भिंगरीने पुढचं कापलं, मागचं कापलं, 'गेली'च्या पाठचं 'असतील'सुद्धा कापलं. सोमवारी लोकांनी ऐकलं: "निम्मी गेली."

दहा दिवसांनी नाण्यांच्या बाईंचा फोन आला, तेव्हा भिंगरी एका लिफ्टच्या शाफ्टमध्ये लटकत होता. "अहो, सर असं बोललेच कसे?" बाईंच्या आवाजात काळजी होती. एका दुसऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाने, ज्याचं आणि सरांचं या प्लेगवरून तीस वर्षांचं वाकडं होतं, अभ्यासकांच्या पत्रकात लिहिलं होतं: जन्मभर दुसऱ्यांना 'पुरावा दाखवा' म्हणून धारेवर धरणाऱ्या गृहस्थांनी आता एका वाक्यात निम्मं शहर मारून टाकलं आहे. वय कुणालाच चुकत नाही. बाई म्हणाल्या, "वाचून सर फार खचलेत. भेटा त्यांना."

खाली उतरून भिंगरीने तिथेच जिन्यात लॅपटॉप उघडला. मूळ रेकॉर्डिंग अर्थातच नव्हतं. जागा स्वच्छ झाडलेली होती.

शनिवारी तो गेला तेव्हा सर जमिनीवर बसून कागदांचे गठ्ठे बांधत होते. सर लिहीत होते ते त्या प्लेगवरचंच पुस्तक. दहा प्रकरणं तयार, शेवटचं तेवढं राहिलेलं, तेच सगळ्यांत महत्त्वाचं.

"हे बाईंना देऊन टाकतोय," सर म्हणाले. "त्यांना वाटलं तर पुरं करतील."

"का, सर?"

"पाच वेळा ऐकलं मी ते वाक्य. आवाज माझाच आहे. पण मी असं बोललो होतो, हे मला आठवत नाही रे. पुराव्याशिवाय बोलायचं आणि बोललेलं विसरायचं, अशा माणसाने पुस्तक लिहू नये. डोकं गेलं माझं. जायचंच कधीतरी." त्यांनी दोऱ्याची गाठ ओढली, ती सुटली, त्यांनी पुन्हा ओढली.

'मी कापलं' हे भिंगरीच्या जिभेवर आलं होतं. पण मग सगळंच सांगावं लागेल, ही धास्ती त्याच्या आधी तोंडापर्यंत पोचली. कामाचा फोन आलाय असं काहीतरी पुटपुटून तो उठला आणि चार जिने दोन दोन पायऱ्या गाळत उतरला. फोन आलाच नव्हता.

पुढचे तीन दिवस त्याने घरातल्यांचा आणि कंपनीतल्यांचा जीव नकोसा केला. एका इमारतीत चांगली चालणारी लिफ्ट उघडून बसला. दुसऱ्या ठिकाणी पकड टपावर विसरला आणि ती आणायला परत गेला, तर पाना विसरून आला. घरी ताट घेऊन चालतानासुद्धा घास घ्यायचं राहून जायचं. मंगळवारी सकाळी बायकोने त्याच्या हातातून ताटच काढून घेतलं.

"काय झालंय ते एकदा सांगा. फरशी झिजली आपली."

त्याने सांगितलं. 'कदाचित' कापल्याचं सांगितलं, मग आवाज खाली आणून दुसरंही सांगितलं. ती हातातलं ताट तसंच धरून ऐकत राहिली.

"पहिलं आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा. तो माणूस तुमच्या कात्रीमुळे पुस्तक सोडतोय."

"आणि दुसरं?"

तिने ताट ओट्यावर ठेवलं. "विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर मला माहीत नाही. माझ्या बाबांचं असतं तर मला कळायला हवं होतं, एवढंच सांगते."

तो कामावर न जाता थेट सरांकडे गेला. वाटेत त्याने बोलणं ठरवून टाकलं होतं: फक्त पहिलं. दार उघडताच, आत पाय टाकायच्या आधीच त्याने ते ओकून टाकलं. "सर, तुम्ही 'कदाचित' म्हणाला होतात. मी कापलं. पुरावा तोकडा आहे असंही म्हणालात. तेही मी कापलं. 'असतील'सुद्धा."

सर दाराची कडी धरून उभे राहिले. "नक्की?"

"माझ्या कानांनी ऐकलं, माझ्या हातांनी काढलं."

"अरे गाढवा!" सर ओरडले, आणि हसू लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे महागाढवा! आम्ही जन्मभर तोच शब्द कमावतो रे! बाकी सगळं पुस्तकांत मिळतं." त्यांनी त्याला खांद्याला धरून आत ओढलं, खुर्चीत दाबून बसवलं, आणि स्वतः जमिनीवर बसून गठ्ठ्यांच्या गाठी सोडू लागले. एकेक प्रकरण उचलून मांडीवर ठेवत होते. "त्या पत्रकवाल्या टकल्याला असं पत्र लिहितो की बघच तू. डोकं शाबूत आहे माझं!"

भिंगरीच्या जिवात जीव आला, पण पूर्ण नाही. त्याला तिथून निघायचं होतं. सगळं छान चाललं होतं; आणखी दोन मिनिटं, आणि तो खाली रस्त्यावर असता. तो उठलाच.

"थांब," सर म्हणाले. आवाज बदललेला होता. "आणखी काय कापतोस?"

"खोकला. खुर्चीचा आवाज."

"आणि?"

"ते 'अं अं' करतो ना आपण, ते."

सरांनी मांडीवरचे कागद खाली ठेवले. "पहिल्या वर्षी आपण दीड तास बसायचो आणि भाग सव्वा तासाचा व्हायचा. हल्ली तू नऊला येतोस आणि साडेअकराला जातोस. भाग होतो पाऊण तासाचा. कागदावर जे नाही ते शोधण्यात माझं आयुष्य गेलंय. मला सांग, पावणेदोन तास मी खोकत असतो का?"

भिंगरी खिडकीशी गेला. दाराशी आला. पुन्हा खिडकीशी गेला.

"तुम्ही तेच तेच सांगता, सर," शेवटी तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला. "मोजणाऱ्यांची गोष्ट. एका बैठकीत तीनदा, चारदा. नावं विसरता. मध्येच मला विचारता, आज काय विषय आहे. मी ते काढतो. लोकांनी तुम्हाला हसू नये म्हणून."

"कधीपासून?"

"सहा महिने."

भिंगरीने वळून पाहिलं. सर रडत नव्हते. ते चिडले होते, आणि इतकं चिडलेलं त्याने त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

"सहा महिने," ते म्हणाले. "माझी मुलगी दर सोमवारी ऐकते. दोन महिन्यांपूर्वी ती म्हणाली, बाबा, फोनवर तुम्ही काहीतरी वेगळे वाटता, मी येते, डॉक्टरकडे जाऊ. मी म्हणालो, कशाला? कालचा भाग ऐकलास ना? मग! मी तुझा भाग पुरावा म्हणून दाखवला रे तिला. आणि स्वतःलाही. सकाळी काही आठवेनासं झालं की मी तो लावायचो. म्हणायचो, हे बघ, छान चाललंय तुझं." त्यांनी समोरच्या कागदांवर हात आपटला. "हे शेवटचं प्रकरण मी सावकाश लिहीत होतो. आहे वेळ, म्हणून. घाई कर म्हणून मला कुणी सांगितलंच नाही!"

"चुकलो, सर," भिंगरी म्हणाला.

"चुकलास. फार चुकलास." सर टेबलाला धरून उठले. फोन उचलला, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावलेला नंबर बघून बघून दाबला. असा कागद तिथे आहे, हेही भिंगरीने आजवर पाहिलं नव्हतं. मग सरांनी फोन त्याच्यापुढे धरला.

"तू सांग. मी सांगायला गेलो तर तिचा आवाज ऐकून अर्ध्यातच म्हणेन, काही नाही गं, सहज केला होता."

"सर, मी कसा..."

"बोल."

पलीकडे घंटी वाजली, थांबली. "बाबा? आज मंगळवारी कसा काय फोन?"

"बाबा नाही, मी बोलतोय. लिफ्टवाला."

"अगंबाई, तुम्ही होय!" ती मोकळी हसली. "बरं झालं, तुमच्याशी बोलायचंच होतं. काल नवा भाग आला नाही, म्हणून मागचाच पुन्हा ऐकला मी. काय सुरेख बोलले हो बाबा! एकदासुद्धा अडखळले नाहीत."

भिंगरीने सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली आणि ते खुर्चीत बसले.

"ताई," तो म्हणाला, "ते तसं बोलले नव्हते."